स्वतंत्र माशी मान्यता समिती

माणसाला स्वतःचे असे काहीतरी हवे असते, आणि ते शेजाऱ्याकडे नसावे एवढीच त्याची माफक अट असते. ही अट आमच्या ट्राउट मासेमारी संघाने जितक्या गांभीर्याने पाळली आहे, तितकी अन्य कोणी पाळल्याचे माझ्या, म्हणजे संघाच्या चिटणिसाच्या, ऐकिवात नाही.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. पाण्यावर उतरलेले किडे हे त्याचे जेवण. म्हणून बारीक गळाला दोरा, पिसे, केस गुंडाळून किडा बनवायचा, तो पाण्यावर अलगद उतरवायचा आणि माशाला फसवायचे, असा हा सभ्य माणसांचा खेळ आहे. या बनावट किड्याला आम्ही माशी म्हणतो. (मासा आणि माशी हे नवरा-बायको नव्हेत. नवे सभासद हमखास विचारतात.)

पूर्वी सगळे सभासद एकच तपकिरी माशी वापरत. तिला मासे धडाधड लागत आणि संघाच्या प्रतिष्ठेला बट्टा लागे. माशीला माशी हा प्रकार किती दिवस चालवून घ्यायचा? अखेर अध्यक्षांनी नियम केला : ज्याने स्वतःच्या डोक्याने माशी बांधून समितीकडून मंजूर करून घेतली नाही, त्याने पुढच्या हंगामापासून नदीत पाऊल टाकायचे नाही. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आयुष्यभर त्यांनी कॉपी पकडली. बाहीतली, मोज्यातली, पट्टीच्या मागची. अशा माणसाच्या नजरेतून एखादा किडा निसटणे शक्य नव्हते.

या नियमाने खरी पंचाईत झाली ती आमच्या भावजींची. भावजी दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या किंकाळ्या ऐकल्यावर रविवारी गुडघाभर पाण्यात उभे राहायला मिळाले नाही, तर सोमवारी त्यांचा हात थरथरतो. (सोमवारच्या पेशंटांच्या दृष्टीने हा सार्वजनिक हिताचा प्रश्न होता.) ते लगेच कामाला लागले. दवाखान्यातल्या टेबलाच्या कडेला चिमुकली पकड बसवली, तिच्यात गळ धरला, डोळ्याला भिंग लावले आणि ताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, पिकलेल्या केसांचे असे पंख बांधले की श्वास सोडला तरी ते हलत.

"दुसऱ्यांचे नवरे माशा मारत बसतात," ताई म्हणाली, "आमचे बांधत बसतात." पण केस तिने स्वतः निवडून दिले होते.

समितीच्या बैठकीत भावजींनी माशी टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी पायातली चप्पल काढली आणि फाडकन माशीवर हाणली. गळ रबरात रुतला. तो भावजींनाच दात उपटायच्या चिमट्याने काढावा लागला. (समितीच्या कारकिर्दीत गळाला लागलेली ही पहिली वस्तू.)

"हा तर हुबेहूब किडा आहे," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे जमलंय ना, सर?" भावजी खुशीत आले.

"म्हणजे कॉपी आहे. कोणाचं बघून केलंत?"

"नदीवरच्या किड्याचं."

"कबूल करताय. बरं झालं."

नियम स्वच्छ आहे. निसर्ग आमचा सभासद नसला, तरी त्याची वस्तू त्याचीच. नामंजुरीचा शेरा चिटणीस या नात्याने मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. त्या संध्याकाळी ताईने मला दारातच अडवले.

"माझे केस कॉपी?"

"केस अस्सल आहेत गं. किडा कॉपी आहे."

"तो माणूस धड जेवत नाहीये. नदी बंद झाली तर काय करायचं त्यानं? बादलीत पाय घालून बसायचं?"

मला खरेच वाईट वाटले. पण पदावर असताना वाईट वाटण्याची आमच्या घटनेत तरतूद नाही.

भावजींनी मग नदीकडे बघणेच सोडले. (स्वतंत्र निर्मितीला हे पोषकच असते.) कवळीचा गुलाबी तुकडा, टूथब्रशचे निळे केस आणि दातांच्या फटीत घालायचा मेणाचा दोरा एवढ्या साहित्यात त्यांनी दुसरी माशी बांधली. समितीने ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. तिचे तोंड कोणत्या बाजूला यावर दोन मते पडली. भावजींचे तिसरे होते. असा किडा या पृथ्वीवर कधी झाला नाही आणि होणारही नाही, यावर मात्र एकमत होऊन ती टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाली. भावजींचे डोळे भरून आले. ताईने माझा बंद झालेला चहा सुरू केला.

आनंदाच्या भरात भावजींनी तशीच आणखी एक बांधली, हाताशी असावी म्हणून. तिथे माशी शिंकली.

"ही कशाची कॉपी?" अध्यक्षांनी विचारले.

"माझ्याच माशीची, सर."

"स्वतःचाच जुना पेपर बघून लिहिला, तर ती कॉपी नाही का?"

दुसरी माशी नामंजूर झाली. शेरा पुन्हा मीच लिहिला. तेव्हापासून प्रत्येक सभासदाची माशी एकच. ती झाडात अडकली, दगडाला घासली किंवा एखाद्या बेजबाबदार माशाने पळवली, तर मान्यता रद्द आणि नदी बंद. त्यामुळे शहाणे सभासद, म्हणजे शंभर टक्के, आपापली माशी कापूस घातलेल्या डबीत ठेवून डबी वरच्या खिशात ठेवतात आणि नुसती दोरी पाण्यात टाकतात. संघात वादावादी उरलेली नाही. नदीतले ट्राउट उत्तम प्रकृतीचे झाले आहेत.

मागच्या रविवारी ताई थर्मास घेऊन काठावर आली होती. भावजी ऐटीत पाण्यात उभे होते.

"अहो, लावा ना ती माशी!"

"आणि खराब झाली म्हणजे?"

"मग बांधली कशाला?"

इतक्यात हातभर लांबीचा एक ट्राउट त्यांच्या गुडघ्याजवळ उसळला. भावजींनी चटकन खिशावर हात दाबला आणि दोन पावले मागे सरकले. "थोडक्यात वाचली," ते म्हणाले. इतके सुखी मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

तुम्हाला हसू आले असेल. हसा की, त्यात काय! हसून झाले की चहा टाका आणि काचेच्या कपाटातल्या त्या चांगल्या कपांतून प्या. काय म्हणता? ते पाहुण्यांसाठी आहेत?

मग या रविवारी नदीवर या, तुम्ही आमच्यातलेच. येताना टीव्हीचा रिमोटही आणा, त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट.