डॉक्टरांच्या वयाची बंदूक

डॉक्टर सोहोनींना कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, की ते आधी आभाळाकडे बघतात आणि मग विचारतात, “पुरावा काय?” लेस्टरच्या आभाळात तो क्वचितच सापडतो. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या पोस्टमनने हल्ली नुसती मान हलवून पुढे जायची सवय लावून घेतली आहे.

डॉक्टर माझे शेजारी. जन्मभर इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल दिली. रिटायर झाल्यावरही ते काम सुटलेलं नाही. आता इंजेक्शन लागत नाही, ते बोलायला लागले की पुरतं. लग्न केलं नाही. तरुणपणी एक स्थळ आलं होतं म्हणतात. मुलीचे वडील कौतुकाने म्हणाले, “मुलगी स्वभावाने गरीब आहे.” यांनी काय विचारलं असेल ते सांगायला नको.

आता मी हसते. पण माझी पहिली भेट ऐका. मी तेव्हा नवी नवरी. पुण्याची बी.ए., साडीवर लोकरी कोट चढवून, आपण इंग्लंडला चार गोष्टी शिकवायला आलो आहोत अशा थाटात वावरणारी. ह्यांनी हॉस्पिटलमधल्या या मित्राला जेवायला बोलावलं. श्रीखंड वाढताना मी ठसक्यात म्हटलं, “घरी केलंय हं!”

“पुरावा काय?”

शहाणी बाई असती तर हसून वाटी पुढे करती. मी तरातरा आत गेले, आणि ज्यात चक्का बांधला होता तो ओला पंचा आणून पाहुण्यांच्या ताटाशेजारी ठेवला. डॉक्टरांनी तो उलटापालटा करून तपासला, मान डोलावली आणि आणखी श्रीखंड मागून घेतलं. ती पंचावाली विदुषी मीच, हे नातीला मी अजून सांगितलेलं नाही.

तर असा हा माणूस सत्तरीला टेकल्यावर बंदूक शोधायला निघाला. साधी नाही, स्वतःच्या जन्मसालाची.

“थ्री-नॉट-थ्री, वहिनी. आपल्या हिंदुस्थानात बनलेली. छत्तीस सालची.”

“कुणाला मारायचंय?”

“ती निकामी केलेली असते. नळी बंद करतात, तसं सर्टिफिकेट देतात. मगच घरात ठेवता येते. आता ती उडत नाही.”

“मग खरंच तुमच्या वयाची शोभेल.”

बायका साड्यांच्या सेलला जातात तशी मी त्या वर्षी बंदुकांच्या प्रदर्शनांना गेले. गाडी मी चालवायची, कारण डॉक्टरांचा सॅटनॅवमधल्या बाईवर विश्वास नव्हता. ती ‘डावीकडे वळा’ म्हणाली की ते तिला पुरावा मागत, आणि तोवर वळण निघून जाई. स्पोर्ट्स सेंटरच्या हॉलमध्ये मांडलेली टेबलं, त्यांच्यामागे मिश्यावाले गोरे, आणि त्यांच्यात साडीवर टोपीवालं अनोरॅक जाकीट घातलेली मी, हातात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. डॉक्टर प्रत्येक बंदुकीच्या मुठीजवळच्या पोलादी पट्टीवर टॉर्च मारून तिचं साल वाचत. चाळीस. सतरा. त्रेचाळीस. प्रत्येक वेळी चेहरा असा पाडत, की जणू पत्रिका पुन्हा जुळली नाही.

एकदा परतीच्या वाटेवर मी वैतागून म्हटलं, “अहो, पासपोर्टवर छापलीय ना जन्मतारीख!”

“एक जून.”

“मग?”

“आमच्या अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनचा, वहिनी. मास्तरांनी एका बैठकीत सगळ्यांना जन्माला घातलं.” मग वायपरकडे बघत म्हणाले, “आई मला आठवत नाही. वडीलही लवकर गेले. मी जन्मलो तेव्हा या जगात होतं असं काहीतरी माझ्या हाताला लागावं, एवढंच. आणि त्याच्यावर साल ठोकलेलं असावं. पोलादात. म्हणजे वाद नको.”

“साताऱ्याला तुमच्या आक्का आहेत की. त्यांना विचारा.”

“आक्का गोष्टी सांगते. त्यांना पुरावा काय?”

साताऱ्याला फोन फक्त दिवाळीत जातो, आणि डॉक्टर स्वतः तिकडे जाऊन तर कैक वर्षं झाली, हे मला ठाऊक होतं.

अखेर रीडिंग नावाच्या गावातल्या एका हॉलमध्ये ती मिळाली. लाकडाचे टवके उडालेले, पट्टा गायब. टॉर्चच्या उजेडात मुकुटाचा छाप, आणि त्याखाली १९३६. डॉक्टरांनी त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मी टोमणा तयार ठेवला होता, तो पुरीबरोबर गिळला.

एक जूनला डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवस केला. आम्ही घरचेच होतो. बंदूक भिंतीवर, खाली समोसे. माझी इथे वाढलेली नात म्हणाली, “काका, तुमचा बंदूक खूप छान आहे!” डॉक्टर इतके खुशीत, की तिलाही पुरावा मागितला नाही. त्याच भरात त्यांनी साताऱ्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

“आक्का, माझ्या जन्मसालाची बंदूक मिळाली! छत्तीसची!”

“छत्तीस?” पलीकडून खणखणीत आवाज आला. “अरे, छत्तीस साली तू कुठला! तू अडतीसचा.”

खोलीत कुणी समोसा चावेना.

“शाळेत छत्तीस लागलंय, आक्का.”

“मीच लावलं ते! आई गेलेली, तुला कडेवर घेऊन मी दिवसभर घरात. शाळेत जायचं तर तुला कुठे टाकू? मग मास्तरांना सांगितलं, सहाचा आहे, फक्त अंगानं बारीक. होतास चारचा. तुला वर्गात बसवला आणि शेजारी मी बसले. चौथीपर्यंत शिकले बघ तुझ्यामुळे.”

डॉक्टरांचे ओठ हलले. सवयच ती. “पुरावा काय?”

“पुरावा?” आक्का हसल्या. “अरे बाळ्या, सुईणीनं तुला पुसला आणि आधी माझ्या हातात दिला. आईलासुद्धा नंतर. आता मी जिवंत आहे, आणखी कसला पुरावा पाहिजे तुला?”

डॉक्टरांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा नाक लाल होतं. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, “कांदा होता.” समोसे बाहेरून आणलेले होते, पण त्या दिवशी मी पुरावा मागितला नाही.

पुढच्याच महिन्यात डॉक्टर साताऱ्याला गेले. बंदूक पुसायचं काम माझ्याकडे आलं. ती त्यांच्याहून वडील निघाल्यामुळे मी तिला ‘अहो’ म्हणते. पंधरवड्यासाठी गेलेला माणूस, आता तिकडे दिवाळी जवळ आली. काल मीच फोन केला.

“डॉक्टर, येताय कधी?”

“येणारच होतो वहिनी, पण आक्का सोडत नाही.”

सबंध जन्मात अशी संधी मला मिळाली नव्हती. मी ठसक्यात विचारलं, “पुरावा काय?”

पलीकडे जरा खुडबुड झाली. मग त्यांनी फोन आक्कांच्या हातात दिला.