कमळ नव्हे

ईशा, तन्मय,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशाने 'क्लिटोरिस' हा शब्द उच्चारला आणि तुमचा दिलीपकाका 'दूध उतू जातंय' म्हणत उठून गेला. गॅसवर दूध नव्हतं. ईशाने विचारलं होतं, "आजी, तुमच्या वेळी हे सगळं तुम्हाला कोण सांगायचं?" मी म्हटलं, लिहून कळवते. तुम्ही दोघंही विशीच्या पुढे गेलात, म्हणून दोघांना एकत्रच लिहिते आहे. तन्मय, पत्र ईशाकडे सरकवू नकोस. तूही शेवटपर्यंत वाच.

उत्तर असं की कोणी सांगायचं नाही. मग शशीने सांगितलं. तेव्हा आम्ही दोघी साठीच्या पुढे होतो.

शशीआजी तुम्हाला आठवत असेल. इथे रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यात, आमच्या मागच्या गल्लीत राहते. उंच, सडसडीत, पदर कमरेला खोचलेला. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. तिच्यासमोर 'खाली' आणि 'तिथे' हे दोन शब्द वापरायची सोय नाही. एखादी बाई हळूच म्हणते, "डॉक्टरकडे गेले होते, जरा खाली त्रास आहे." शशी लगेच चष्मा नाकावर ओढते.

"खाली म्हंजे कुठे? घोट्यात? पत्ता पूर्ण सांग. पंडरी बाजारात जायचं अन् रिक्षावाल्याले नुसतं 'तिथे ने' म्हटलं, तर तो नवा रायपूरले सोडून येईन तुले."

हे ती भाजीच्या ठेल्यावर बोलते, लग्नाच्या पंगतीत बोलते. एकदा तर देवळाच्या पायऱ्यांवर बोलली. पुजारी गाभाऱ्यात गेला तो आरतीलाच बाहेर आला.

सुरुवात एका तपासणीपासून झाली. तिला जळजळ व्हायची म्हणून मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. टेबलावर स्त्रीच्या जननेंद्रियाचं प्लास्टिकचं मॉडेल होतं. चित्रकलेची बाई ती. आयुष्यभर जास्वंदीचा उभा छेद आणि बेडकाचं पोट फळ्यावर काढून दिलेलं. तिने मॉडेल उचललं, फिरवून पाहिलं आणि एका जागी बोट ठेवलं. "हे काय आहे?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "काकू, ही क्लिटोरिस. हिचं काम फक्त सुख देणं. दुसरं काही नाही."

"लघवी?"

"त्याची जागा वेगळी."

"मूल?"

"त्याचीही वेगळी."

शशीने मॉडेल पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. घर आल्यावर ऑटोतून उतरता उतरता म्हणाली, "सुमन, शाळेत मले बेडकाच्या पोटात काय काय ते ठाऊक होतं. अन् हे ठाऊक नव्हतं."

त्यानंतर तिने पुस्तकं मागवली, चित्रं काढली, पुसली, पुन्हा काढली. मराठी शब्द शोधायला गेली तर 'शिश्निका' सापडला. त्याचा अर्थ पुरुषाच्या अवयवाची छोटी आवृत्ती. चार दिवस ती धुसफुसत होती. "आपल्या घरावर पाटी बी त्यांच्याच नावाची!" शेवटी इंग्रजी शब्दच ठेवला.

तिच्यामुळे मला जे कळलं ते सरळ लिहिते. बाहेर दिसतं ते फक्त टोक. उरलेला सगळा अवयव आत आहे, योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाय पसरून बसलेला. शशी म्हणते, "लाडू वळायले मांडी घालून बसल्यासारखा." पुष्कळ बायकांना नुसत्या संभोगाने पूर्ण सुख मिळत नाही, कारण सुखाची मुख्य जागा ही. त्यात कोणाचा दोष नसतो. पहिल्या रात्री रक्त यायलाच हवं ही गोष्ट खोटी, आणि त्यावरून कोणाचंही काही सिद्ध होत नाही. दुखत असेल तर थांबायचं, बोलायचं. तन्मय, विचारायचं.

आता रांगोळीकडे येते.

आमच्या महिला मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवायचं असं ठरलं, त्या वर्षीपासून हॉलच्या दारातली रांगोळी शशी काढते. तिचे यजमान मधुकरराव जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही, भाऊ नागपूरला. मंडळाची मंगळवारची दुपार हीच तिची आठवड्यातली गर्दी. दोन वर्षांपूर्वी तिने दारात एक मोठी आकृती काढली. गुलाबी, आत किरमिजी, दोन्ही बाजूंनी वळत गेलेल्या पाकळ्या, वर एक मोत्यासारखा ठिपका. बायका थबकल्याच. आमच्या अध्यक्षा मंदाताईंनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'शशीताईंचे अप्रतिम कमळ!' खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली.

शशीने मला कोपराने ढोसलं. "पाह्यलं? एकीलेही ओळखू नाही आलं. रोज सोबत घेऊन फिरून राहिल्या."

पुढच्याच महिन्यात मंदाताईंच्या नातीचं, पूर्वाचं लग्न निघालं. आमच्याकडे केळवणाला नवरीच्या ताटाभोवती रांगोळी काढतात. मंदाताईंनी हौसेने सांगितलं, "शशीताई, पूर्वाच्या ताटाभोवती तेच कमळ पाहिजे हं. तस्संच."

"तस्संच?"

"अगदी तस्संच."

"तुम्ही म्हणता तर काढते," शशी म्हणाली. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिने पाहिलंच नाही.

केळवणाला चाळीसेक माणसं होती. पूर्वा पाटावर बसली. ही मुलगी फिजिओथेरपी शिकलेली. इथल्या पुष्कळ पोरांसारखीच, मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. पुरणपोळीवर तूप पडलं, आणि हिची नजर ताटावरून रांगोळीवर गेली. ती वाकली. मान तिरकी करून तिने पाहिलं.

"शशीआजी, ये कमल नहीं है ना?"

"नाही."

"ये तो..."

"हव. तेच."

"ये पंखुड़ियाँ लेबिया, और ये ऊपर..."

"बरोबर. अन् त्याच्या दोन्ही बाजूंनी आत काय गेलं सांग?"

आणि त्या पोरीने सांगितलं! तोंडी परीक्षा असावी तशी, फटाफट, हसत हसत. तिच्या दोन मैत्रिणी ताटं सोडून बघायला आल्या. पूर्वाच्या आत्याने विचारलं, "काय गं, काय आहे?" पूर्वाने आत्यालाही सांगितलं. मग ते पंगतीतून पुढे सरकत गेलं. पुरुषांच्या टोकाला पोचलं तेव्हा कोणाला तरी ठसका लागला. मंदाताईंनी भाताची मूद हातात तशीच धरली होती.

"पुसा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता पुसा."

"नवरी जेवून राहिली," शशी म्हणाली. "ताटाभोवतीची रांगोळी जेवण झाल्याबिगर पुसत नसतात."

रीतीपुढे मंदाताईंचं काही चालेना. पूर्वा जेवली, अगदी सावकाश, दोनदा मठ्ठा घेऊन.

दुसऱ्या दिवशी मंडळाकडून निरोप आला. येत्या मंगळवारी शशीने सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर मंडळात येऊ नये. मी तिच्याकडे धावले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी तीन वाक्यांचा मसुदा करून नेला होता. 'अनवधानाने' हा शब्द मुद्दाम घातला होता.

"अनवधानाने नाही काढली मी," शशी म्हणाली. "दीड तास लागला."

"शशी, मंगळवार गेला तर तुझ्याशी बोलायला कोण आहे? मी आहे, पण मी पण आता कुठे रोज जिना उतरते?"

ती शेंगा सोलत होती. टरफलं बाजूला सारत म्हणाली, "तेच तर भेव आहे मले. पण त्या पोट्टीचं हसू पाह्यलं तू? नवरी असं हसताना मी पाह्यली नव्हती कधी. आपण पाटावर कशा बसलो होतो? बकरीसारख्या. मी नाही मागत माफी."

मंगळवारी हॉल भरला होता. एरवी न येणाऱ्याही आल्या होत्या. मंदाताईंनी विषय मांडला. संस्कृती, संस्कार, लहान मुलं घरात होती, सगळं बोलून झालं. मग म्हणाल्या, "शशीताई, तुम्ही बोला."

शशी उठली. मला वाटलं आता पाटी काढते आणि वर्ग घेते. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"माफी मागायची आहे मले," ती म्हणाली. मंदाताईंचा चेहरा सैल झाला. "पण तुमची नाही. आमच्या ह्यांची. तुम्ही पाह्यले होते ते. कसे होते?"

कोणीतरी म्हणालं, "देवमाणूस."

"हव. दर वेळी विचारायचे. 'तुले बरं वाटलं का?' मी म्हणायची, हो. दर वेळी हो. मले वाटे माझ्यातच काहीतरी कमी आहे, हे कायले त्यांले सांगू? पण त्यांले समजे. मग विचारणंच बंद केलं त्यांनी. पुढे पुढे जवळ येणंही कमी केलं, मले त्रास नको म्हणून. दोघं जण एका खोलीत, एकमेकांची काळजी करत, गप्प. सांगतलं असतं तर शिकला असता तो माणूस. पण सांगायले मलेच ठाऊक नव्हतं. ते गेले, अन् मग मले कळलं." ती थांबली. "तर माफी त्यांची. बाकी कोणाची नाही."

आणि ती बसली.

पहिल्या रांगेत तिच्या शेजारी बसलेल्या कमलमामी, नव्वदीच्या, कानाने अधू, त्यांनी पलीकडच्या शेजारणीला मोठ्याने विचारलं, "काय म्हणाली?" शेजारणीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. मामींनी ऐकलं. मग आपला हात लांब करून शशीच्या गुडघ्यावर ठेवला, आणि तो सभा संपेपर्यंत काढला नाही.

मंदाताईंनी पुढचा विषय पुकारला. सहलीचा होता.

परत येताना शशी माझ्या हाताला धरून चालत होती. ब्राह्मणपाऱ्याच्या तोंडाशी आल्यावर एकदम हसली. "आमचे हे ऐकायले असते ना, तर लाजून उठून अंगणात गेले असते. झाडांले पाणी घातलं असतं, वाळलेली पानं वेचली असती. मग परत येऊन म्हणाले असते, आता नीट सांग." घरी पोचल्यावर कुलूप तिला उघडेना, तेव्हा मी उघडलं.

तिला मंडळातून काढल्याचा ठराव कधी झाला नाही. माफीही तिने मागितलेली नाही. लग्नानंतर पूर्वा नवऱ्याला घेऊन तिच्याकडे आली होती, आणि तो मुलगा चहा गार होईपर्यंत ऐकत बसला होता. अजून मुली येतात, कधी दोघी मिळून, कधी आयांना सोबत घेऊन. शशी दार उघडते, त्यांना स्वयंपाकघरात बसवते, आणि त्या जे विचारतात त्याचं उत्तर देते.

तुमची,
आजी