गणूमामांची चिनी भाजी

आमचे गणूमामा कढईशी बोलायचे. मनातल्या मनात नाही हं, चांगलं खणखणीत, शेजारच्या वाड्यात ऐकू जाईल असं. "ऐक वं कढई, तेल तापलं. आता लसून. लाल नको करू, पिवळा झाला का बस. अन् ध्यानात ठेव, देठ आधी, पान मंग!" नवखा माणूस दारावरून जाताना थबकायचा. त्याला वाटायचं, याचं डोकं फिरलं.

डोकंबिकं काही फिरलं नव्हतं. ते माझ्या नवऱ्याचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. मी घरातली नवी सून, डोईवरून पदर घेतलेली. आमच्यात मामेसासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नसे. पण विहिरीवर पाणी ओढताना मी त्यांच्या चुलीकडं चोरून बघते, हे त्यांनी ताडलं होतं. शिकवायची हौस तर दांडगी! मग काय, सांगायचं कढईला आणि शिकायचं मी. माझी मान चुकून हलली, तर शाबासकीही कढईलाच: "हुशार हायेस!"

ते दिवस कापसाच्या तेजीचे. दूर कुठं अमेरिकेत लढाई जुंपली, आणि इकडं अमरावतीत आमच्या कापसाला सोन्याची कळा आली. लोकांनी वांग्यांचे वाफे मोडले, मेथी-पालक मोडली, जिकडंतिकडं कापूस पेरला. आमचे सासरे सदा गाड्या जुंपून अकोल्याच्या वाटेवर. घरात बोलणं कापसाचं, स्वप्नं कापसाची, आणि ताटात मात्र रोज तुरीचं वरण न् भाकर. बाजारात हिरवं पान दिसेल तर शपथ.

अशा दिवसांत विहिरीच्या सांडपाण्यावर गणूमामांची भाजी डोलायची. तेजीच्या खूप आधीच ते कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईला गेले होते. तिथं एका शेठाच्या जहाजावर गाठोडी राखायला म्हणून चढले ते थेट चीनच्या बंदरात उतरले. कैक वर्षांनी परत आले. लोकांनी विचारलं, "काय कमावून आणलं गणूभाऊ?" त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडून बिया दाखवल्या. "भाजी!"

पाकचोय म्हणायचे ते तिला. देठ पांढरेशुभ्र, पळीसारखे रुंद. वर गुळगुळीत हिरवंगार पान. माती देठांच्या बुडाशी लपते, म्हणून एकेक देठ सुटा करून पाणी नितळ दिसेस्तोवर धुवायचे. पानं वेगळी, देठ वेगळे. लसूण न् आलं ठेचून घ्यायचं. जाळ मोठा हवा, म्हणून चुलीत सुकलेल्या पऱ्हाट्या, कापसाची झाडं हो, घालायच्या. त्या भडभड पेटल्या की मामा म्हणायचे, "कापसाचा मले येवढाच उपेग!" देठ चुरचुरले की पानं, पानं माना टाकतात तोच मीठ, आणि लगेच खाली. "झाकन ठेवलं का भाजी रुसते," हे तर दिवसातून कितीदा! आम्ही बाया पालेभाजी झाकून, डाळ घालून, घोटून शिजवणाऱ्या. आम्हाला ती कच्चीच वाटायची.

पण खाणार कोण? समुद्र ओलांडला, परक्यांच्या चुलीवरचं खाल्लं, म्हणून जातीच्या पंचांनी त्यांच्या हातचं अन्नपाणी बंद केलं होतं. चूक कबूल करा, जातीला जेवण घाला, मिटवून टाकू, असं पंच म्हणाले. मामा म्हणाले, "घालतो ना! ह्याच भाजीचं घालतो." पंच उठून गेले.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, या मामांच्या थोरल्या बहीण. त्यांनी भावाला गोठ्याशेजारची खोपी दिली, रोजचा शिधा दिला. पण नणंद लग्नाची होती. भावाच्या हातचं खाल्ल्याचं कळतं तर पोरीला कोणी पत्करलं नसतं. त्यामुळं त्या खात नसत. मामा काय कमी? "अक्का माझ्या हातचं खात नाई, तं मी तिच्या हातचं काहून खाऊ?" म्हणून वेगळी चूल. रोज भाजी परतायचा सराटा कढईवर आपटून हाक द्यायचे, "अक्का, भाजी झाली वं!" आतून उत्तर यायचं, "झाली तं गीय!" म्हणजे गिळ.

त्याच हिवाळ्यात मला दिवस गेले. तोंडाची चव पार गेली. वरण पाहिलं की मळमळे, भाकरीच्या वासानं उलटी. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. वैदूचे काढे झाले, अंगारा झाला. आत्याबाई माझं तोंड बघून कासावीस व्हायच्या. एक दिवस खोपीकडून लसणाचा वास आला आणि मी बोलून गेले, "मले ते भाजी पाहिजे."

आता गं माय! डोहाळे मोडावे तर लेकराचं वाईट, पुरवावे तर जातीचा कोप. आत्याबाईंनी तोड काढली, कच्च्या पाल्याला काही दोष नसतो. पाला मामांचा, चूल आपली. मी शिकले होते तशी फोडणी टाकली. पण आत्याबाईंना सवय. माझी पाठ वळताच त्यांनी मूठभर डाळ टाकली आणि वर झाकण ठेवलं. झाकणाचा आवाज ऐकून बाहेरून मामा ओरडले, "कढई, तुले झाकन कोनं घातलं वं?"

आतून आत्याबाई कडाडल्या, "कढई म्हनते, तुमी गप बसा!"

भाजीचा लगदा झाला. मला घास उतरला नाही. आत्याबाई माझ्या सुकलेल्या हाताकडं बघत बसल्या, मग एकदम उठल्या. "चाल. डोहाळे लेकराचे हायेत. पोटातल्या लेकराले अजून जात कुठं लागली?"

आम्ही खोपीच्या दारात गेलो. मामा चुलीवरून कढई उतरवत होते. समोर दोन ताटं मांडलेली. आत्याबाईंनी विचारलं, "हे दुसरं कोनाचं रे?"

"तुयं."

"आज मी येनार, तुले कोनं सांगतलं?"

"कोनं नाई. रोजच मांडतो." मामांनी सराट्यानं कढईचं बूड उगाच खरवडलं. "तू म्हनतेस गीय. मंग मी गिळतो. तुया वाट्याचं गार झालं का गाईले टाकतो."

आत्याबाईंनी त्या ताटाकडं पाहिलं. मला म्हणाल्या, "पोटुशीले काही बी चाखल्याबिगर देत नसतेत. मीठ पाहते अगुदर." आणि मटकन पाटावर बसल्या. एक घास घेतला. दुसरा घेतला. देठ दाताखाली कुरकुरत होते, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि मीठ काही त्यांना समजत नव्हतं.

"कमी हाये काय, अक्का?"

"पाहून राहिली ना! घाई कायची?"

मामांनी आणखी वाढलं. मग स्वतःही समोर बसले, आणि बहीणभाऊ खाली मान घालून जेवले. मी दारात पदर धरून उभी. दोघांच्याही ते ध्यानात राहिलं नव्हतं. कढईत एक पान उरलं नाही.

त्यांची भाजी मी पुढं पोटभर खाल्ली, माझ्या लेकीसुनांना शिकवली, अजूनही करते आणि मामांना हात जोडूनच करते. पण खरं सांगते, किती दिवसांनी मला कडकडून भूक लागली, ती त्या दारात उभी असताना.