उंदीर होऊन पाहा

मानवी संस्कृतीचा इतिहास हा मुळात धान्य राखण्याचा इतिहास आहे. ज्या दिवशी माणसाने मूठभर दाणे आजच न खाता उद्यासाठी ठेवले, त्या दिवशी घर आलं, कुटुंब आलं, कुलूप आलं. पुढे राज्यं आली आणि राज्यांच्या बखरी आल्या. हे वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात ही संस्कृती आमच्या कुंपणापलीकडे, परसात, पोटावर पालथी पडलेली असते. तिची हनुवटी मातीत असते, एक डोळा मिटलेला असतो आणि धोतराच्या सोग्यावर कोंबडी उभी असते.

मोहाडीत राहायला आलो तेव्हा हे दृश्य पाहून मी कुंपणावरून उडी मारली होती. सत्तरीचा माणूस मातीत पालथा दिसला की शेजाऱ्याच्या मनात जे येतं तेच माझ्या मनात आलं. मी खांद्याला हात लावला तर डोमाजी मान न वळवता म्हणाले, "सर, आडवे नका येऊ. मी उंदीर होऊन पाहून राहिलो."

तेव्हापासून ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आमच्या घरातही रूढ झालं. कपाटामागे चमचा पडला, उंदीर होऊन पाहा. नळाला पाणी का नाही, उंदीर होऊन पाहा. डोमाजींचं म्हणणं असं की माणूस उभ्याने बघतो, म्हणून त्याला दाराची कडी दिसते. दाराखालची फट दिसत नाही. उंदराला कडीशी काहीच घेणंदेणं नसतं. हे तत्त्वज्ञान मला पटतं. फक्त ते सांगणाऱ्याच्या कपाळाला कोंबडीची विष्ठा नसती तर अधिक पटलं असतं.

डोमाजी विणकर. बापजाद्यांपासून घरात माग, तोही जमिनीत खड्डा करून बसवलेला. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसायचा, पाय खाली सोडून लाकडी फळ्या दाबायचा आणि वर हातात धागा इकडून तिकडे नेणारा धोटा. त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. मी आलो तोवर माग बंद झाला होता. यंत्रमागाच्या स्वस्त साडीपुढे हातमाग का बंद पडतो, ते गावात कुणालाच वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर डोमाजींनी कोंबड्या पाळल्या, आणि याचा उलगडा मात्र कुणालाच होत नव्हता. कारण डोमाजी माळकरी. अंडं खात नाहीत, घरात शिजवू देत नाहीत, विकतही नाहीत. सगळी अंडी कुंपणावरून आमच्याकडे येतात. वत्सलाकाकू ती पदराखाली झाकून देतात, जणू शेजारच्या घरी काही चोरटा माल चालला आहे. कोंबड्या कशासाठी, असं विचारलं की डोमाजी म्हणत, "असू द्या नं सर, जीव आहे," आणि विषय उंदरांवर नेत.

उंदरांवर त्यांना कितीही वेळ बोलता येई. खुराडं त्यांनी मागाच्याच खोलीत, परसाच्या दारालगत केलं होतं. विणकराच्या घरात मागाची खोली सर्वांत कोरडी आणि सर्वांत मानाची; जे जपायचं ते तिथे ठेवायचं, हा पिढीजात नियम. म्हणून कोंबड्याही तिथे आणि त्यांच्या खाण्याची कनकी, म्हणजे तांदळाचे तुकडे, आणि कोंडाही तिथेच. खुराड्याला त्यांनी बाजारातून तारेची जाळी आणली, तिच्या भोकातून बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "हे जाळी नाई, हे तं दरवाजा आहे." मग बारीक तार आणून त्यांनी ती लाकडी चौकटीवर ताणली आणि आडव्या तारा ओढत स्वतःच जाळी विणली. इतकी घट्ट विणली की उंदीर सोडा, सकाळचं ऊनही त्यातून गाळून आत जायचं. वत्सलाकाकू म्हणाल्या, याले काठ लावा, मी लग्नात नेसून जातो.

खुराड्याचे पाय उंच केले. उंदीर पाय चढून जातो म्हणून प्रत्येक पायावर मधोमध एकेक स्टीलची थाळी उलटी बसवली. थाळ्या काकूंच्या लग्नातल्या. त्यामुळे चढणाऱ्या उंदराने मान वर केली की त्याला 'चि. सौ. कां. वत्सला हिला मामाकडून सप्रेम भेट' एवढं वाचायला मिळे आणि तिथून त्याला परत फिरावं लागे. तेव्हापासून त्या घरी पाहुणा आला की पत्रावळीवर जेवतो. कनकी झाकणाच्या पत्र्याच्या पिप्यात गेली. पिप्यावर दगड आला. खाण्याचं भांडं छताला दोरीने टांगलं गेलं आणि संध्याकाळ झाली की डोमाजी सांडलेला कण न् कण वेचून उचलू लागले. त्या वेळी परसात तळ्याकडून गारवा यायचा, धानाच्या पेंढ्याचा वास यायचा, आणि वाकून दाणे टिपणारा माणूस कोणता आणि कोंबड्या कोणत्या हे अंधुक उजेडात ओळखायला जरा वेळ लागायचा.

विष मात्र नाही. एक तर गळ्यात माळ, दुसरं म्हणजे मेलेला उंदीर कोंबडीने टोचला तर. म्हणून पिंजरा. पिंजऱ्यात उंदीर सापडला की डोमाजी पिंजरा पिशवीत घालून पार गावाबाहेर धानाच्या बांध्यांपर्यंत चालत जात आणि त्याला सोडून येत. वाटेत कुणी विचारलं तर सांगत, पाहुणा आहे, पोचवून येतो. काकूंचं म्हणणं, पाहुणा यांच्या आधी घरी पोचतो. हा आरोप डोमाजींना झोंबला. त्यांनी जुन्या रंगाचा उरलेला डबा शोधला आणि पुढच्या उंदराची शेपटी राणी रंगात बुडवून मग त्याला सोडलं. नंतर काही दिवस खोलीत शांतता होती. मग एका सकाळी काकूंनी मला हाक मारून पिप्यामागे बोट दाखवलं. राणी रंगाची शेपटी निवांतपणे भिंतीच्या कडेने चालली होती. डोमाजी तिच्याकडे वाकून बघत म्हणाले, "रंग पक्का होता, सर. अजून उतरला नाई."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग करवती अंड्यांवर खुडूक बसली.

करवती म्हणजे मानेवर पांढरी दातेरी नक्षी असलेली कोंबडी. करवतकाठी साडीच्या काठावर असते तशी, म्हणून ते नाव. तिने पिल्लं काढली आणि पिल्लं एकेक करून जाऊ लागली. खुराड्यातून नव्हे, जाळी खरंच अभेद्य होती. पण पिल्लं दिवसभर आईबरोबर खोलीत हिंडत आणि दुपारी माणसाचा डोळा लागला की एखादं कमी व्हायचं. करवती वेड्यासारखी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन ओरडायची. डोमाजी परसात पालथे पडून बाहेरच्या भिंती तपासायचे, दाराखाली पत्रा ठोकायचे, विटांच्या सांधीत काचा भरायचे. बाहेरून एक मुंगीही आत येऊ शकणार नाही इतका बंदोबस्त झाला, आणि पिल्लं जातच राहिली.

काकू तोंडाने तिखट, पण करवतीचं ते ओरडणं त्यांना सोसवेना. त्यांनी अखेर सांगून टाकलं की आणखी एक पिल्लू गेलं तर सगळ्या कोंबड्या टोपलीत घालून येत्या बाजारात देऊन टाकायच्या. पिल्लं मोठी करायची आणि उंदराच्या तोंडी द्यायची, हे पाप माळ घालून करायचं असेल तर माळ तरी काढा. त्या दिवसापासून डोमाजींनी दुपारी झोपणं सोडलं. परसाच्या दाराशी काठी घेऊन बसायचे, तोंड बाहेर करून. टोपलीचं नाव निघालं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू कोंबड्या नव्हे, तेच टोपलीत बसून बाजाराला जाणार आहेत.

बाजाराच्या आदल्या दुपारी करवती पुन्हा ओरडू लागली. मी गेलो तेव्हा काकूंनी टोपली खोलीच्या मधोमध आणून ठेवली होती आणि डोमाजी काठी धरून दारातच उभे होते. मला वाटलं आपण मध्यस्थी करावी. शिकलेल्या माणसाला असं वाटतं. मी म्हणालो, काकू, आपण नीट शोधू, कुठून तरी वाट असेलच.

"वाट कायले शोधता, सर?" काकू म्हणाल्या. "यायले माहीत आहे. पह्यल्या दिवसापासून माहीत आहे."

त्यांनी पायाने एक गोणपाट बाजूला केलं. खाली जुनी फळकुटं होती; तीही सरकवली, तर मागाचा जुना खड्डा. आतली माती भुसभुशीत झालेली, कडेला मुठीएवढं बीळ आणि त्याच्या तोंडाशी कनकीचे पांढरे दाणे. राणी रंगाचा एक पुसट डागही होता.

"सारं गाव उंदीर होऊन पाह्यलं," काकू नवऱ्याला म्हणाल्या, "आता एकडाव माणूस होऊन पाहा. बुजवा हा."

मी डोमाजींकडे पाहिलं. माझ्या डोक्यात इतके दिवस न बसलेली गोष्ट आता हळूहळू बसत होती. बाहेरच्या भिंती, पत्रे, काचा, दाराकडे तोंड करून केलेली राखण. हा माणूस उंदरांना बाहेरून अडवत होता, कारण आत कुणी पाहू नये. पण मला एक कळेना. मागाचं लाकूड तर केव्हाच खुराड्याला लागलं होतं. त्या उंच पायांना मागाच्याच खाचा होत्या. पुन्हा माग बसण्याचा प्रश्न नव्हता. मी तसं म्हणालोही. मग खड्डा कशाला राखायचा?

डोमाजी आले, काठी भिंतीला टेकवली आणि खड्ड्याच्या काठावर बसले. सवयीने पाय आत सोडले. करवती उरलेली पिल्लं घेऊन त्यांच्या मांडीजवळ आली आणि घशातल्या घशात क्रुक-क्रुक करू लागली. दुपारचं ऊन त्या घट्ट जाळीतून बारीक होऊन जमिनीवर पडलं होतं, मागावर अर्धवट विणलेल्या कापडासारखं. खाली, अंधारात, त्यांचे पाय हलत होते. एक खाली, एक वर. फळ्या नसलेल्या जागी ते फळ्या दाबत होते, आणि मला वाटतं त्यांना ते ठाऊक नव्हतं.

"बुजवला तं मी पाय कुठं ठेवू?" ते म्हणाले.

काकू टोपलीशेजारी खाली बसल्या. त्यांचा आवाज उतरला होता. त्या दोघांचा आवाज एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. जन्मभर मागाच्या खटखटीवरून एकमेकांशी बोलले, तशी सवयच. मला त्यांनी सांगितलं ते असं. माग थांबला त्या दिवसापासून घर मुकं झालं. दोघं समोरासमोर बसत आणि बोलायला जात, तर आपलाच आवाज केवढा मोठा वाटे, म्हणून गप्प होत. डोमाजींचा डोळा लागेना. जेवताना घास चावल्याचा आवाज यायचा त्याची भीती वाटे. मग कुणाची तरी चुकलेली कोंबडी या खोलीत शिरली आणि खड्ड्याशेजारी बसून आपल्याशीच बडबडू लागली. त्या दुपारी डोमाजी पाय खड्ड्यात सोडून, भिंतीला टेकून, पहिल्यांदा झोपले. काकूंनी मालकाला कोंबडी परत केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तशीच एक आणली.

"म्या आणली कोंबडी," त्या म्हणाल्या. "अन् मीच टोपली आणली. मंग म्या काय करू, सांगा."

कोंबड्या तेवढ्या आपल्याशीच बडबडत होत्या. मग डोमाजींनी पाय वर घेतले, तळव्यांची माती झटकली आणि मला विचारलं की तुमच्या ओसरीचं काम केलेला तो गवंडी रिकामा आहे का.

गवंडी बाजाराच्या दिवशी आला. डोमाजींनी खड्ड्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि तळाला काचांचे तुकडे स्वतःच्या हाताने पसरले. सिमेंट ओतायला लागल्यावर मात्र ते परसात जाऊन उभे राहिले, पाठमोरे. गवंडी काठापर्यंत भरत आला तेव्हा काकूंनी त्याला थांबवलं. एवढंच राहू दे म्हणाल्या, काठाखाली वीतभर जागा सोड. तो म्हणाला, बाई, असं अर्धवट बरं दिसत नाही, पाणी साचेल. काकू म्हणाल्या, पाणी मी पुसतो, तू फक्त गुळगुळीत कर. पाय ठेवाले पाह्यजे.

डोमाजींनी ते ऐकलं. ते वळले नाहीत, पण धोतराच्या सोग्याने त्यांनी तोंड पुसलं आणि ऊन फार आहे असं कोंबड्यांना सांगितलं. संध्याकाळ होती.

मी मनात म्हटलं की अखेर धान्य राखलं गेलं, घर राखलं गेलं, आणि शतकांच्या त्या लढाईत माणसाच्या बाजूने एक छोटासा विजय नोंदवायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनंदन करायला गेलो. दोघं त्या ओलसर सिमेंटकडे वाकून पाहत उभे होते. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बारीक पावलांची दुहेरी ओळ उमटली होती आणि मधून शेपटीची रेघ गेली होती. डोमाजींच्या मते रेघ सरळ होती.