अण्णांच्या गुडघ्याचा एक्स-रे

अण्णांच्या घरी कोणीही गेलं की चहाच्या आधी एक्स-रे यायचा. अण्णा तो खिडकीच्या उजेडात धरत आणि पाहुण्याची मान हाताने वळवत.

"बघा पावणं. ह्या गुडघ्यानं घात केला. न्हाईतर गारगोटीच्या मैदानात मी पडणारा गडी न्हवं."

मी शेजारीण. तो गुडघा मी इतक्यांदा पाहिलाय की माझ्या गुडघ्यापेक्षा मला तो जास्त ओळखीचा. कुस्ती सुटल्यावर अण्णांनी शिरोलीच्या फाउंड्रीत नोकरी केली, निवृत्त झाले, एकटेच राहिले. सोबतीला सरदार नावाचा गावठी कुत्रा. त्यालाही ते रोज दूध-बदाम देत आणि "खुराक घे, पैलवान" म्हणत.

एकदा सरदारच्या पुढच्या पंजाला काच लागली. अण्णा धावत आले ते मुठीत तालमीतली लाल माती घेऊन.

"हळद, ताक, तेल घातलेली माती हाय वैनी. आमच्या पिढ्या ह्यावर बऱ्या झाल्या."

"माती कुस्तीला, अण्णा. जखमेला नाही. आधी दवाखाना."

डॉक्टरांनी पंजा तपासला. काच राहिलेली नव्हती, टाके नकोत, घरीच स्वच्छ ठेवा म्हणाले. मी कॅलेंडरच्या मागे यादी करून अण्णांच्या दारावर चिकटवली. कोमट मिठाच्या पाण्याने धुणे. भोवतीचे केस कातरणे. डॉक्टरांचं मलम, दोन वेळा. चाटू न देणे.

पहिली तीन कामं अण्णांनी व्यायामासारखी केली. वेळ चुकली नाही. मी रोज जाऊन खूण करत होते, आणि खरं सांगते, इतका शिस्तीचा माणूस माझ्या घरातही नाही.

अडलं ते चौथ्यावर. सरदारने पट्टी फाडली, वर घातलेला मोजा फाडला. अण्णा दोन दिवस त्याचं तोंड धरून बसले. "चाटलास तर बघ! मैदानात शिस्त पायजे!" पण माणसाला कधीतरी डुलकी लागतेच. चौथ्या दिवशी जखम पुन्हा लाल झाली. असंच चाटत राहिला तर चिघळेल, असं डॉक्टरांनी बजावलंच होतं.

मी पुठ्ठ्याचं नरसाळं करून गळ्यात घातलं. ते पाण्याच्या भांड्यात भिजून लोळागोळा झालं, आणि समोरचं दिसेना म्हणून सरदार भिंतींना धडकत होता.

"कडक पाहिजे, अण्णा. भिजणार नाही आणि आरपार दिसेल असं काहीतरी."

अण्णांनी भिजका पुठ्ठा उचलून फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर सरदार ऐटीत उंबऱ्यावर बसलेला. गळ्यात काळसर नरसाळं, मानेला काचू नये म्हणून कडेला जुन्या लंगोटाची पट्टी शिवलेली. त्याने उन्हाकडे तोंड वळवलं आणि कानाशेजारी मला ओळखीचा गुडघा दिसला.

"अण्णा, अहो हा तर..."

"गप बसा वैनी. आरपार दिसणारं पायजे म्हणालासा की."

दहा-बारा दिवसांत जखम भरली. यादीतली शेवटची खूण मी अण्णांना करायला लावली.

पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे कागलचे जुने पाहुणे आले. मीही होते. सवयीने अण्णा उठून खिडकीशी गेले, जरा थांबले. मग त्यांनी सरदारला बोलावून त्याचा पंजा उजेडात धरला.

"बघा पावणं. कुठं व्रण दिसतोय?"

पाहुण्यांनी चष्मा लावून पाहिलं. "न्हाई बा. आणि तुमच्या गुडघ्याचा फोटो कुठाय?"

"त्यो व्हय?" पंजा हळूच खाली ठेवत अण्णा म्हणाले, "कामाला आला."