शिंप्याची दाढ

महाविद्यालयीन प्रवेशासाठीची वाचन-आकलन परीक्षा आटोपल्यावर उमेदवारांनी आवारात थांबून उत्तरांची चर्चा करू नये, अशी सूचना केंद्राच्या फाटकावर ठळक अक्षरांत लावलेली होती. फलक चांगला मोठा असल्यामुळे त्याची सावलीही ऐसपैस पडली होती, आणि त्या सावलीत उभं राहून सगळे उमेदवार उत्तरांची चर्चा करत होते.

त्यांत बारकी होती. लहानपणापासून अंगाने किरकोळ, म्हणून घरीदारी सगळ्यांची बारकीच. पहिले सोळा प्रश्न तिचे क्लासमधल्या टॉपरशी तंतोतंत जुळले. सतराव्याला गाडी अडली.

उतारा एका म्हाताऱ्या शिंप्याचा होता. एके दिवशी तो भर दुपारी दुकान बंद करून घरी जातो. का, असा प्रश्न होता. पर्याय चार: यंत्रयुगात हातच्या कलेची झालेली उपेक्षा, मुलं दूर गेल्याने आलेलं एकाकीपण, दाढदुखी, आणि काळाच्या प्रवाहापुढे पत्करलेली शरणागती. बारकीने दाढदुखी निवडली होती, कारण उताऱ्याच्या तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की दाढ ठणकू लागल्यामुळे शिंप्याने दुकान बंद केलं.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तू उतारा वाचलास?" टॉपरने विचारलं. गटारातलं पाणी प्यायलीस का, असं विचारावं तशा आवाजात.

बारकी ओशाळली. उतारा वाचायचा नाही, हा क्लासचा पहिला धडा होता. उताऱ्यात वेळ जातो, मन गुंततं आणि मग शिंप्याचं पुढे काय झालं असले परीक्षेत न विचारलेले प्रश्न पडतात. बारकीला नेमका तोच प्रश्न पडला होता आणि त्यापायी तिचा शेवटचा प्रश्न राहता राहता वाचला होता. क्लासच्या सरांची पद्धत सोपी होती. फक्त पर्याय पाहा, ज्याने मन सर्वात जड होईल त्यावर खूण करा.

तेवढ्यात सर स्वतःच आले. त्यांनी एकाकीपण हे उत्तर जाहीर केलं आणि पोरांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. बारकीने धीर करून सांगितलं, की सर, दाढदुखी असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

"लिहिलंय ना? मग ते नसणार," सर म्हणाले. "लिहिलेलं कुणालाही वाचता येतं. ही आकलनाची परीक्षा आहे."

बारकीला हव्या असलेल्या कॉलेजचा प्रवेश दरवर्षी एकेका गुणावर लटकायचा. तिथल्या वाचनालयात जिन्याजवळ खिडकीपाशी एक खुर्ची होती. ती तिने मागच्याच वर्षी हेरून ठेवली होती आणि अधूनमधून स्वप्नात तिच्यावर बसूनही यायची.

बारकीचे बाबा फाटकाबाहेर गालाला रुमाल लावून उभे होते. ते बस आगारात तिकीट खिडकीवर असत. चल लवकर, दाढ फार ठणकतेय, एवढंच ते म्हणाले. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी शिकायला बाहेर जाणार म्हटलं की बापाला असं होतंच, म्हणाले. बाबांनी डाव्या गालाकडे बोट दाखवलं. सरांचे डोळे पाणावले.

दातांच्या डॉक्टरकडे जायचं निकालानंतर, असं घरात ठरलं. पोरीचं एकदा होऊ दे, मग आपलं, हे बाबांनीच ठरवलं.

पंधरवड्याने परीक्षा मंडळाची उत्तरसूची लागली आणि सतराव्याचं उत्तर दाढदुखी निघालं. बारकी घरभर नाचली. तिचं नाचणं दोन दिवस टिकलं. जवळजवळ सगळ्यांनी एकाकीपण लिहिलं होतं, तेव्हा हरकतींचा पाऊस पडला. पालकांनी मोर्चा काढला. मंडळाने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने निष्कर्ष काढला, की उताऱ्यात दाढदुखीचा उल्लेख आढळतो हे खरं; तथापि तो केवळ शब्दशः असल्याने ग्राह्य धरता येत नाही. एवढे उमेदवार एकाच वेळी चुकणं व्यवस्थेच्या प्रतिमेस बाधक असल्यामुळे ते बरोबर आहेत. एकाकीपण बरोबर ठरलं.

इथवर ठीक होतं. पण समितीने काम मनावर घेतलं होतं. दाढदुखी लिहिणाऱ्यांनी उतारा वाचला असणार, हे उघड होतं. इतरांनी तो वाचलेला नसताना काहींनी वाचणं म्हणजे अवाजवी लाभ घेणं. तेव्हा अशा उमेदवारांची सुनावणी घेण्यात यावी, आणि गैरहेतू आढळल्यास निकाल रद्द करण्यात यावा.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि त्यापलीकडे तीन तज्ज्ञ. बाबा दाराबाहेर बाकावर बसले होते, सुजलेला गाल हातात धरून. मधल्या बाईंनी विचारलं, उतारा कुणाच्या सांगण्यावरून वाचलास? कुणाच्याच नाही, बारकी म्हणाली. मग का वाचलास? समोर होता म्हणून, बारकी म्हणाली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या त्यात मायाळू होते ते गृहस्थ पुढे झुकून हळूच म्हणाले, की बाळ, माणसाकडून चूक होते. तू नजरचुकीने वाचलास, असं असू शकेल का?

बारकीच्या डोळ्यांपुढे ती खिडकीजवळची खुर्ची आली.

"हो," ती म्हणाली. "नजरचुकीने वाचला. पुन्हा नाही वाचणार."

तिला सतराव्याचा गुण सहानुभूतीने बहाल झाला आणि प्रवेश मिळाला. दरम्यान सरांच्या सुधार वर्गात ती इतकी तयार झाली, की कुणी नुसती जांभई दिली तरी तिला त्यामागचं सामाजिक वास्तव दिसू लागलं.

कॉलेजला जाण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळचं जेवण अर्धवट टाकून बाबा उठले. गाल टम्म झाला होता. "बारके," ते कसेबसे म्हणाले, "आता तरी चल बाई माझ्याबरोबर. दाढ सहन होत नाहीये."

बारकीने त्यांच्याकडे पाहिलं. खूप खोलवर पाहिलं. मग तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"कळलं मला, बाबा," ती म्हणाली. "मी दर रविवारी येत जाईन."

आईने पदराने डोळे टिपले. बाबा काही सांगायला गेले, पण तोंड उघडेना. दोघींनी त्यांना मध्ये घेऊन बराच वेळ थोपटलं. दातांचा दवाखाना पुढच्याच गल्लीत होता आणि उघडा होता.

ती खालची, डावीकडची शेवटची दाढ होती. तिला कीड लागली होती, बाकी काही नाही. तुम्हाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. तुम्हीही कुठली ना कुठली परीक्षा पास होऊनच इथवर आला आहात.