चारशेवी नोंद

माणसाच्या पोटात काय चाललं आहे हे कळायला विद्या लागते, आणि ती विद्या आपल्याला आली आहे हे इतरांना कळायला वही लागते. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोट काय, प्रत्येकाकडे असतं.

माझी ताई सोनोग्राफी शिकते. अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष म्हणजे इंटर्नशिप, आणि इंटर्नशिप म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची एक वही. तिच्यात चारशे नोंदी आणि चारशे सह्या हव्यात. एकतीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत वही कार्यालयात जमा करायची. एक सही कमी पडली तर वर्ष पुन्हा, अगदी पहिल्या नोंदीपासून. "म्हणजे तीनशे नव्व्याण्णव झाल्या तर किती धरणार?" असं ताईने तिथल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "शून्य." (गणितात मीही अशीच उत्तरं देते, पण मला कुणी नोकरी देत नाही.)

नियमावली अडतीस पानांची आहे. मी ती दोनदा वाचली, कारण इतका खोल विचार माझ्या पाठ्यपुस्तकात आढळत नाही. नियम चार म्हणतो की अनुभव नसलेल्या विद्यार्थ्याने पेशंटला हात लावू नये. नियम पाच म्हणतो की पेशंटला हात लावल्याची नोंद म्हणजे अनुभव. तुमच्याआमच्यासारखा माणूस इथेच डोकं धरून बसला असता. संस्था बसली नाही. तिने मधला मार्ग काढला. तो असा.

पहिल्या शंभर नोंदी निरीक्षणाच्या. निरीक्षण म्हणजे मागे उभं राहणं. विद्यार्थी सात, पडदा वहीच्या दोन पानांएवढा. ताई बुटकी आहे आणि तिच्या पुढे नेहमी तो उंच मुलगा असायचा, ज्याला सगळे जिराफ म्हणतात. त्यामुळे ताईने शंभर वेळा जिराफाची पाठ पाहिली. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, तो पिशवी एकाच खांद्यावर घेत असणार, हे तिने बाविसाव्या निरीक्षणात ओळखलं. निदान अचूक निघालं. पण वहीत खांद्याचा रकाना नाही.

दुसऱ्या शंभर साहाय्याच्या. जेलची बाटली दाबणे, टिश्यू देणे, दिवा घालवणे, दिवा लावणे. एकशे सत्तराव्या नोंदीला ताई बाटलीच्या आवाजावरून आत किती जेल उरलं आहे ते सांगू लागली.

तिसऱ्या शंभर देखरेखीखालच्या. इथे पहिल्यांदा प्रोब हातात मिळतो. (प्रोब म्हणजे पोटावर फिरवायचं ते यंत्र. दिसायला दाढीच्या मशीनसारखं, पण मान फार मोठा.) देखरेख करणाऱ्या मोठ्या मॅडम एकट्या, आणि त्यांना दिवसाला पंचेचाळीस पेशंट. म्हणून त्या शेजारच्या खोलीतून देखरेख करत. मधल्या भिंतीबद्दल नियमावली काहीच म्हणत नाही, आणि जे ती म्हणत नाही ते चालतं.

चौथ्या शंभर सगळ्यात कठीण. त्यांचं नाव स्वतंत्र निदान. विद्यार्थ्याने स्वतः तपासायचं, स्वतः लिहायचं, आणि ते मॅडमच्या रिपोर्टशी जुळायला हवं. यासाठी विद्यार्थ्याला ताजा पेशंट देत नाहीत, झालेला देतात. मॅडमनी तपासला, रिपोर्ट छपाईला गेला, की पेशंटला म्हणायचं, "पाच मिनिटं पडून राहा." मग विद्यार्थी आत जातो. ही पद्धत अत्यंत सुरक्षित आहे. पुस्तकाच्या मागे उत्तर छापलेलं असताना गणित सोडवावं तसं.

सह्या चहाच्या सुट्टीत होतात. मी स्वतः घड्याळ लावून मोजलं आहे. चार मिनिटांत चाळीस सह्या, म्हणजे सहीला सहा सेकंद. पेशंटला मात्र मॅडमना तीन मिनिटं लागतात, यावरून त्यांचा हात कशावर जास्त बसला आहे ते दिसतं.

घरी ताई आमच्यावर सराव करायची. प्रोबऐवजी टीव्हीचा रिमोट आणि जेलऐवजी शाम्पू. "बाबा, श्वास धरा," असं म्हणून ती बाबांच्या मूत्रपिंडाशी पोचली की बातम्या लागायच्या. आई म्हणायची, "माझं तपासू नकोस गं, मला काही झालेलं परवडणार नाही." मी सगळ्यात जास्त वेळा तपासली गेले. मला डावीकडे वळ, उजवीकडे वळ, पुन्हा पाठीवर ये, असं करत ती वीस वीस मिनिटं घ्यायची. पुस्तकात तसंच लिहिलं आहे म्हणे. पित्ताशयात खडा असेल तर माणूस पाठीवर असताना तो कोपऱ्यात लपतो, आणि कुशीवर वळवला की घरंगळत बाहेर येतो. मॅडम कुणालाही वळवत नाहीत. वळवण्यात चाळीस सेकंद जातात. पंचेचाळीस पेशंटांचे मिळून रोज अर्धा तास वाचतो, आणि अर्ध्या तासात आणखी दहा पेशंट होतात. पुस्तक लिहिणाऱ्याला एवढा साधा हिशेब जमला नव्हता.

एकतीस तारीख उजाडली तेव्हा ताईच्या तीनशे नव्व्याण्णव नोंदी झाल्या होत्या. मला शाळेला सुट्टी होती, म्हणून आईने मला बरोबर धाडलं. "येताना रस्त्यात रडायला लागली तर रिक्षा कर," एवढंच सांगितलं. ताई जिथे इंटर्नशिप करते त्या सोनोग्राफी केंद्रात मी टिश्यूचा रोल हातात धरून उभी राहिले. हातात रोल असला की तिथे कुणीही कोण म्हणून विचारत नाही.

साडेतीनला ताईला झालेला पेशंट मिळाला. एक शिवणकाम करणाऱ्या काकू, गळ्यात अजून मापाची टेप. जेवलं की उजव्या बरगडीखाली दुखतं, अशी तक्रार. रिपोर्ट नॉर्मल, छपाईत. ताईने फक्त नॉर्मल लिहायचं होतं. एक शब्द, मग सही, मग कार्यालय, मग ती आयुष्यभराची सोनोग्राफी करणारी बाई.

पण ताई म्हणाली, "काकू, जरा डाव्या कुशीवर वळता का?"

काकू वळल्या. पडद्यावर एक पांढरा ठिपका हळूच घरंगळला आणि त्याच्यामागे काळी सावली पडली. मला विज्ञानात चौतीस मार्क आहेत, पण मलाही दिसलं.

मॅडम शेजारच्या खोलीत चहा घेत होत्या.

"मॅडम, शिवणवाल्या काकूंच्या पित्ताशयात खडा आहे."

"त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आहे."

"कुशीवर वळवलं की दिसतो. एकदा येऊन बघता का?"

मॅडमनी शांतपणे चहा संपवला. "बाळा, तुला तो पडद्यावर दिसतोय. रिपोर्टात दिसतोय का?"

"नाही."

"मग जुळलं का?"

"नाही."

"न जुळलेल्या नोंदीवर मी सही कशी करू, तूच सांग. नॉर्मल लिही, आत्ता करते. वर्ष तुझंच आहे."

हे त्या अगदी मायेने म्हणाल्या. स्वतःची चूक झाकताना दुसऱ्याच्या वर्षाची इतकी काळजी करणारी माणसं आता कमी राहिली आहेत.

चार वाजत आले होते. मी ताईला बाजूला घेतलं. "लिही ना. एकच शब्द आहे. तुला नको वाटत असेल तर मी लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे."

"तू रोल धर," ताई म्हणाली, आणि तिने लिहिलं: पित्ताशयात खडा, अंदाजे नऊ मिलिमीटर, कूस बदलल्यावर सरकतो. सहीचा रकाना कोराच राहिला.

मग तिने नियम बावीसही मोडला. (विद्यार्थ्याने पेशंटला काहीही सांगू नये. विचारलं तर हसावं.) बाहेर काकू चपला घालत होत्या.

"काकू, दुसरीकडे एकदा तपासून घ्या. खडा आहे."

"तू शिकाऊ ना गं?"

"हो."

"मोठ्या बाई तर काही नाही म्हणाल्या."

"मी पाहिलाय, काकू."

"अगं, शिकताना दिसतंच काहीबाही. मी पहिलं पोलकं शिवलं तेव्हा मलाही दोन्ही बाह्या सारख्या दिसल्या होत्या." त्यांनी रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि ताईच्या गालाला हात लावला. "शिक हो नीट. घाई करू नकोस." जाता जाता त्यांनी काउंटरवर तक्रार केली, की एका मुलीने उगाच दहा मिनिटं गार जेलमध्ये ठेवलं.

ताईचं वर्ष गेलं. रस्त्यात ती रडली नाही. रिक्षात मी रडले. जिराफाच्या चारशेच्या चारशे नोंदी जुळल्या. तो सोमवारपासून त्याच केंद्रात रुजू होतो आहे, आणि त्याचा हात थेट मॅडमसारखा चालतो असं सगळे म्हणतात.

मी संस्थेत जाऊन आदरपूर्वक विचारलं, की मुलांना सुरुवातीपासूनच खरे पेशंट का देत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून का शिकवत नाही. कारकुनाने संमतिपत्रकांचा गठ्ठा पुढे सरकवला. केंद्रात तपासणीला आत जाण्याआधी प्रत्येकजण ते भरतो. सगळ्यात खाली एक ओळ असते: विद्यार्थ्याकडून तपासणी झालेली चालेल का? मी हजार पत्रकं मोजली. नऊशे ब्याण्णव ठिकाणी 'नाही'. उरलेल्या आठांनी बहुधा चष्मा आणला नव्हता. म्हणूनच संस्थेला झालेले पेशंट वापरावे लागतात. रिपोर्ट छपाईला गेल्यावर जे होतं त्याला कागदोपत्री तपासणी म्हणत नाहीत.

लोकांचंही बरोबर आहे. हात सगळ्यांना अनुभवी हवा, फक्त तो अनुभव त्याने शेजाऱ्याच्या पोटावर घेऊन यावा.

तुम्हीही कधीतरी ते पत्रक भरलं असेल. तुम्ही कुठल्या चौकोनात खूण केलीत ते मी विचारत नाही. गठ्ठा मोजताना माझ्या बाबांचं पत्रक वरून सातवं निघालं, आणि त्यांनी तर 'नाही'च्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या.